विहीणबाईंची काळ्या पाटीची गाडी

माझी विहीण पोर्तुगालची आहे. मुलाने तिकडेच, तिकडच्या कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि ते आम्ही नवरा-बायकोने मोहाडीत बसून फोनवर पाहिलं. पुढच्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर सुनेची आई आमच्याकडे यायला निघाली. एकटीच. व्याही विमानात बसायला घाबरतात, म्हणून त्यांनी स्वतःऐवजी घरच्या झाडांच्या ऑलिव्ह तेलाचा डबा पाठवला. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती. लेकीचं सासर एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्या बाईच्या मनात होतं.

मुलाने नागपूरहून तिच्यासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवली होती. ती तिने परस्पर रद्द केली आणि नुसती गाडी भाड्याने घेतली. ड्रायव्हर नको, मी चालवीन, असं म्हणाली. मुलाने फोनवर मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात काळजी होती आणि थोडं हसूही. तिकडे ती नर्स होती. डोंगरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनं द्यायची, मलमपट्टी करायची, आणि सगळं आयुष्य तिने एका लहानशा गाडीत बसून काढलं होतं. परक्या देशात जाऊन मागच्या सीटवर बसायचं तिला जमणार नव्हतं.

आम्ही दोघं एस.टी.ने नागपूरला तिला घ्यायला गेलो. बाई ठेंगणी, केस बारीक कापलेले आणि पांढरे, अंगात पुरुषी शर्ट, हातात एकच बॅग. तिने माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. माझ्या नवऱ्याने ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरून लांबूनच नमस्कार केला.

गाड्या भाड्याने देणाऱ्याचं दुकान विमानतळाजवळच्या एका गल्लीत होतं. पत्र्याचं शेड, समोर पाच-सहा गाड्या उभ्या. काउंटरवरचा माणूस तिच्याशी न बोलता माझ्या नवऱ्याशीच बोलत होता. गाडी कोण चालवणार, काका? काकांनी विहिणीकडे बोट दाखवलं. त्याने तिचं लायसन पाहिलं, परदेशात चालवायच्या परवान्याची पुस्तिका उलटसुलट करून पाहिली, मग मालकाला फोन लावला. मालकाने बहुधा विचारलं असावं की सोबत कोणी गडीमाणूस आहे का. तो म्हणाला, काका आहेत. मग फोन बाजूला धरून त्याने विचारलं, "काका, तुम्हाला येते का चालवता?"

"मले लुना येते," माझा नवरा म्हणाला.

काउंटरवरच्या माणसाने ते मालकाला सांगितलं नाही. दरम्यान विहीण बाहेर जाऊन गाडीभोवती फिरत होती. वाकून तिने गाडीखाली पाहिलं, डिकी उघडून स्टेपनी आणि जॅक बाहेर काढून पाहिला, चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. गाडीवर आधीचे ओरखडे होते, त्यांचा तो माणूस व्हिडिओ घेत होता. त्याच्या नजरेतून सुटलेला एक ओरखडा तिने स्वतः त्याला दाखवला. त्यानंतर मात्र किल्ली त्याने तिच्याच हातात दिली.

गाडीची नंबराची पाटी काळी होती आणि वर पिवळी अक्षरं. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीला अशी पाटी असते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे आम्ही जिथे जिथे गेलो तिथे लोक आधी ती पाटी पाहायचे, मग गाडी चालवणाऱ्या बाईला पाहायचे आणि मग शेजारी बसलेल्या मला.

तिच्या देशात स्टीअरिंग डाव्या बाजूला असतं. ती सवयीने डावं दार उघडून बसायला गेली तर तिथे माझा नवरा बसलेला. दोघंही गोंधळले. ती हसत हसत गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली. पण सवय अशी एका दिवसात जात नाही. आमच्याकडच्या गाडीत वळायचा दिवा लावायची दांडी उजवीकडे आणि वायपरची डावीकडे असते, तिच्याकडे उलटं. त्यामुळे तिला वळायचं असलं की काचेवर वायपर फिरायला लागायचे. लख्ख ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि आमची गाडी वायपर हलवत भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली.

हॉर्न ती वाजवायचीच नाही. तिच्याकडे हॉर्न म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखं असतं, हे तिने मला नंतर सांगितलं. ट्रकमागे निमूट चालत राहायची. मौद्यापर्यंत माझा नवरा वरच्या मुठीला लोंबकळून "लेफ्ट, लेफ्ट" म्हणत होता, तिथून पुढे त्याने बोलणं सोडलं. वैनगंगेच्या पुलावर मी मागून पाहिलं तर त्याने डोळे मिटले होते. मोहाडीला घरासमोर गाडी थांबली तसा तो उतरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई चांगली चालवते. पण मी आता बसत नाही."

आमचं घर कोष्ट्यांचं. सासऱ्यांच्या वेळी घरात माग होते, आता समोरच्या खोलीत कापडाचं दुकान आहे आणि माग म्हणून एकच उरला आहे. विहिणीने दुसऱ्या दिवशी तो चालवून पाहिला, दोनदा धागा तोडला, आणि ज्याने शिकवलं त्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पाठीवर थाप मारली. तो लाजला. पण त्याला ती आवडू लागली होती हे मला कळत होतं, कारण त्याने बसून तिच्यासाठी फिरण्याचा बेत आखला. गायमुख, आंबागडचा किल्ला, पवनी. तुळशीचं लग्न झालं होतं, लग्नसराईचं कापड घ्यायला माणसं येत होती, म्हणून तो स्वतः येणार नव्हता. मी सोबत जायचं होतं. हातवारे करून त्याने तिला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, फोन काढला, आपल्या भाषेत त्यात काही बोलली आणि फोन आमच्यासमोर धरला. फोन मराठीत म्हणाला, "तुमच्या पत्नीला कुठे जायला आवडेल?"

त्या फोनवरच आमचं सगळं बोलणं चालायचं. थोडंफार इंग्रजी तिला येत होतं, मला शाळेतलं आठवत होतं, बाकीचं फोन सांभाळायचा. अडचण एकच होती. फोनला आमची बोली कळत नव्हती. "मले काय, कोठीही चालते," असं मी म्हटलं तर त्याने तिला काहीतरी भलतंच सांगितलं आणि ती बुचकळ्यात पडली. मग मला बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलावं लागायचं. मला कुठेही चालेल. तिने ते वाचलं, मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

रात्रभर काही मी त्याचा विचार करत जागी राहिले नाही, झोप आली तशी झोपले. पण सकाळी ओट्यावर मेथी निवडताना ती माझ्याजवळ येऊन बसली, काड्या वेगळ्या, पानं वेगळी, असं मी करते तसं करू लागली, आणि मला वाटलं, खरंच, मला कुठे जायचं आहे? मी कमी फिरलेली नाही. लग्नांना गेले, मातीला गेले, दवाखान्यात गेले, कापड आणायला नागपूरला कितीदा गेले. प्रत्येक वेळी जाण्याला काही कारण होतं आणि ते कारण दुसऱ्या कोणाचं तरी होतं. मेथीची जुडी संपता संपता माझ्या तोंडून निघालं, "नाकाडोंगरी."

नाकाडोंगरीला माझी मैत्रीण होती. माझं माहेर अड्याळचं, धानाच्या शेतीवरचं घर. आम्ही दोघी अड्याळच्या शाळेत एका पट्टीवर बसलो. तिचं लग्न माझ्याआधी झालं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तुमसरच्याही पुढे जंगलाकडे. तिचा नवरा मँगनीजच्या खाणीत होता. माझ्या भावाच्या लग्नात ती आली होती, तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. भांडण नाही, रुसवा नाही. मी तुमसरपर्यंत किती वेळा गेले असेन, पण पुढे जायचं काही काम निघालं नाही.

नवऱ्याने विचारलं, "नाकाडोंगरीले काय आहे?"

"माही मैत्रीण आहे."

"मग फोन लाव नं."

नंबर मिळवणं कठीण नव्हतं, अड्याळला तिच्या भावाकडे होता. पण मी लावला नाही. फोन लावला असता तर बोलणं झालं असतं आणि जाणं राहून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. आता पुढच्या सीटवर मी. हॉर्नचा तोडगा आम्ही मोहाडी सोडायच्या आतच काढला. समोर बैलगाडी, ट्रक, सायकलवाला आला की मी तिच्या हातावर टिचकी मारायचे आणि ती हॉर्न दाबायची. शिवी मी देत होते, ती फक्त पोचवत होती, असं तिचं समाधान झालं असावं. तुमसरच्या पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. तिने गाडी बंद केली, आम्ही खाली उतरलो. एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. विहिणीला ते कसे सोलायचे हे कळेना, शिंगाड्याचा काटा तिच्या बोटाला टोचला. शिंगाडेवालीने तिच्या हातातून घेऊन एक सोलून दिला, मग दुसरा, मग मालगाडी जाईपर्यंत ती सोलत राहिली आणि विहीण खात राहिली. फाटक उघडल्यावर मागच्या गाड्या ओरडू लागल्या तेव्हा कुठे आम्ही हललो.

पुढे जंगल लागलं आणि फोनचं नेटवर्क गेलं. नकाशा जागच्या जागी थिजला. एका ठिकाणी रस्ता दोन्हीकडे फुटत होता, पाटी नव्हती. विहिणीने गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं आणि एक हात डावीकडे, एक उजवीकडे करून विचारलं, कुठे? मी आयुष्यात कोणाला गाडी कुठे वळवायची ते सांगितलं नव्हतं. डावीकडे, म्हटलं. आत्मविश्वासाने म्हटलं.

चुकलं होतं. तो रस्ता एका लहान गावात जाऊन तलावाच्या पाळीवर संपत होता. गावाच्या तोंडाशी डांबरावर उडदाची वाळलेली झाडं पसरली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. विहिणीने करकचून ब्रेक लावला. कडेला बसलेला म्हातारा हाताने, या, या, असं करत होता. ती काही हलेना. लोकांच्या अन्नावरून गाडी कशी न्यायची, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. फोन चालत नव्हता, तेव्हा मी उतरले, उडदाची वाळकी शेंग उचलली, पायाखाली रगडली आणि दाणे तळहातावर घेऊन तिला दाखवले. तिला कळलं. मग काय, ती त्या उडदावरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. म्हाताऱ्याने काठी आडवी धरून, आता बास, म्हणेपर्यंत ती थांबली नाही. त्यानेच आम्हाला नाकाडोंगरीचा खरा रस्ता सांगितला.

मैत्रिणीचं घर गावाबाहेर, जंगलाच्या अंगाला होतं. विचारत विचारत पोचलो. अंगणात दोन शेळ्या बांधलेल्या, दार अर्धं उघडं. दारात एक वाळकी, काळीसावळी बाई आली. तिने काळी पाटी पाहिली, विहिणीला पाहिलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाली, "घरी कोणी नाही. संध्याकाळी या." आणि दार लावून घेतलं. खाणीची किंवा जंगलखात्याची मोजणी करणारी माणसं असतील असं तिला वाटलं, हे तिने नंतर सांगितलं.

मी ओट्याशी जाऊन तिला शाळेतल्या नावाने हाक मारली. ते नाव इथे लिहीत नाही. ते फार चांगलं नव्हतं आणि मीच पाडलं होतं.

मग दार उघडलं. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझे पिकलेले केस, चष्मा, सुटलेलं पोट.

"काहून आली वो?" ती म्हणाली.

"तुले पाहाले."

"मंग आत ये नं. उन्हात काहून उभी आहेस?"

एवढंच. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. तिने आम्हाला पाणी दिलं आणि लगेच चुलीकडे गेली. मुलगा आणि सून धान कापायला गेले होते. नवरा जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, हे मला अड्याळच्या लोकांकडून कळलं होतं, तिने एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेली. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांगी-झिंग्यांची भाजी तिने बोलता बोलता रांधली. विहिणीने ते झिंगे बोटांनी वेचून खाल्ले आणि हाताची खूण करून आणखी मागितले. मैत्रिणीला त्याचा इतका आनंद झाला की तिने माझ्या ताटातले काढून तिला वाढले.

बोलणं अड्याळवर आलं. आईवडील गेल्यापासून ती माहेरी गेली नव्हती. भाऊ दर दिवाळीला फोन करतो, ये म्हणतो. भावजयही चांगली आहे. मग जात का नाहीस, मी विचारलं. आधी तिने शेळ्यांचं कारण सांगितलं, मग नातवंडांचं. मग म्हणाली, "एस.टी.त मले उलटी होते. दोन गाड्या बदला, तिथवर जीव जाते. दोन-तीन साल अशीच गेली. मंग इतकी साल झाली का आता जाऊ त काय निमित्तानं जाऊ? भाऊ मनंल, आता कशी आली?"

विहीण आमच्या तोंडाकडे पाहत होती. घराच्या मागच्या बाजूला फोनला जरा नेटवर्क येत होतं, तिथे जाऊन तिने फोन माझ्यापुढे धरला. मी बातम्यावाल्या बाईच्या मराठीत तिला सांगितलं की माझ्या मैत्रिणीला माहेरी जायला निमित्त हवं आहे. तिने वाचलं, थोडा वेळ विचार केला, फोनमध्ये काही बोलली आणि मैत्रिणीसमोर जाऊन उभी राहिली. फोन म्हणाला, "निमित्त मी आहे."

मैत्रीण फोनकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. "हे काय मनून राहिली?"

"तुले अड्याळले नेतो मनते."

"कवा?"

"आत्ता."

ती हसायला लागली. आत्ता कशी, शेळ्या कोण पाहील, लुगडी धुवायची आहेत, सून काय म्हणेल. सून तेवढ्यात विळा घेऊन शेतातून आली. तिने सगळं ऐकलं, विळा कुडाला खोचला आणि म्हणाली, "जा नं माय. शेळ्या का तुमच्याच हातानं खातेत?" पिशवी तिनेच भरली.

परतीच्या वाटेवर मैत्रीण पुढे बसली आणि मी मागे. विहिणीने तिला समजावलं की गाडीतल्या गाडीत पाहू नको, लांब रस्त्याच्या टोकाकडे पाहा. खिडकी खाली केली. मैत्रिणीने पदराला लिंबू बांधून आणलं होतं, ते ती नाकाशी धरून होती. वळणावर विहीण इतकी हळू जायची की सायकली आम्हाला मागे टाकायच्या. अधूनमधून ती गाडी थांबवून मैत्रिणीच्या मनगटाला हात लावून पाहायची. खाणीकडचे ट्रक धूळ उडवत जवळून जायचे तेव्हा मैत्रीण डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. पण तुमसर गेलं तरी उलटी झाली नाही, मोहाडी आली तरी नाही. अड्याळ अजून लांब होतं, रात्र आमच्याकडेच काढायची होती. उतरल्यावर तिने माझ्या नवऱ्याला पहिली गोष्ट तीच सांगितली.

त्याला मी तुमसरहून फोन करून ठेवला होता. त्याने भाताचा कुकर लावला होता, वांगी भाजली होती, आणि आम्ही गेल्यापासून चार ग्राहक परत पाठवले होते असं तो म्हणाला, रस्त्याकडे पाहण्यात वेळ गेला म्हणून. जेवणं झाल्यावर तो दुकानातून दोन हातमागाची लुगडी घेऊन आला. एक मैत्रिणीच्या मांडीवर ठेवलं. "माहेरी चालली, जुनं नेसून नको जाऊ," म्हणाला. दुसरं विहिणीला दिलं. तिने ते खांद्यावरून पांघरून घेतलं आणि पुढचे सगळे दिवस सकाळच्या थंडीत तसंच वापरलं.

सकाळी भंडारा ओलांडून पवनीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना धान कापून पडलेला, कुठे कुठे पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. पहेल्याच्या जवळपास गाडी एका बाजूला ओढू लागली. मागचं चाक बसलं होतं. विहिणीने गाडी कडेला घेतली, बाह्या दुमडल्या आणि जॅक काढला. आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या. एक ट्रॅक्टर थांबला, त्यावरून तीन गडी उतरले आणि बाई, सरका, म्हणू लागले. विहिणीने हसून हात हलवला, नको. ते पुन्हा म्हणाले. तेव्हा माझी मैत्रीण, जी काल सकाळपर्यंत गाडीत बसायला घाबरत होती, पुढे झाली आणि त्यांना म्हणाली, "राहू द्या नं. ते नर्स आहे, तिले करू द्या." नर्स असण्याचा आणि चाक बदलण्याचा काय संबंध हे त्यांना कळलं नाही, मलाही कळलं नाही, पण ते बाजूला झाले. चाकाचे नट मैत्रिणीने पदरात धरले होते. विहीण हात पुढे करायची आणि ती एकेक नट तिच्या तळहातावर ठेवायची. गडी ट्रॅक्टरला टेकून शेवटपर्यंत पाहत राहिले आणि जाताना रामराम करून गेले.

अड्याळला मैत्रिणीचा भाऊ ओसरीवर दोरी वळत बसला होता. तो आमच्याहून मोठा, आता चांगलाच वाकलेला. गाडी दारात थांबली, त्याने पाटी पाहिली, विहिणीला पाहिलं, मला ओळखलं. मग पलीकडच्या दारातून नवं लुगडं नेसलेली बहीण उतरली. तो उठला. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "जेवली काय?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने बायकोला आवाज दिला आणि तो घरामागे निघून गेला. बराच वेळ आला नाही. भावजय म्हणाली, कोंबडी धरायला गेले. कोंबड्या तर सगळ्या समोर अंगणातच फिरत होत्या. आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

माझ्या भावाचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. विहीण आणि मी तिथे उतरलो, पण दिवस आमचे तिघींचे एकत्रच गेले. आम्ही तिला शाळा दाखवली, बाजार दाखवला. माणसं विचारायची, ही कोण? मी सांगायचे, माही इहीन. मग त्यांना फार काही विचारायचं उरायचं नाही. विहीण म्हटल्यावर ती आपलीच झाली, मग ती कुठली का असेना. बाजारातल्या बांगडीवालीने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

गावाबाहेरच्या बोडीवर आम्ही दुपारच्या दुपार बसायचो. बोडी म्हणजे शेताला पाणी द्यायचं लहान तळं. लहानपणी मी मैत्रिणीला त्यात ढकललं होतं असं ती म्हणत होती. मी म्हणत होते की तिने मला ढकललं. आम्ही दोघी इतक्या तावातावाने वाद घालू लागलो की विहिणीला वाटलं खरंच भांडण झालं. फोनने तिला काय सांगितलं कोण जाणे, तिने आपली पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरली आणि आम्हाला दोघींनाही आत ओढलं. मैत्रिणीचं नवं लुगडं घोट्यापर्यंत भिजलं. पाळीवरून जाणारी पोरं थांबून पाहत होती. तीन म्हाताऱ्या पाण्यात उभ्या राहून एकमेकींना धरून हसत होत्या, त्यात पाहण्यासारखं काही असेल तर होतं.

निघायच्या दिवशी मैत्रिणीचा भाऊ माझ्या भावाच्या दारात आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिले आता नेऊ नका. चुरणं होऊ द्या. मंग मीच पोचवून देतो." चुरणं म्हणजे धानाची मळणी, त्याला अजून बरेच दिवस होते. मी म्हटलं, मी कशाला नेऊ, तुमचीच आहे. तरी तो तिथेच उभा राहिला, गाडी सुरू होईपर्यंत, आम्ही तिला उचलून नेऊ की काय म्हणून.

मैत्रिणीने विहिणीचा हात धरला आणि बोलायला लागली. आपल्या बोलीत, न थांबता. पुढल्या वेळी आलीस तर आधी नाकाडोंगरीला ये, झिंगे ठेवीन, सुनेला सांगून ठेवीन, माझा नातू तुला जंगल दाखवेल, आणि हळू चालव, आणि तुझ्या घरच्या माणसाला माझा नमस्कार सांग. विहिणीने फोन काढला नाही. हात धरून ती सगळं ऐकत राहिली आणि मैत्रीण थांबली तेव्हा "हो" म्हणाली. एवढा एक शब्द ती शिकली होती.

दोन दिवसांनी गाडी परत द्यायला आम्ही दोघी नागपूरला गेलो. त्या दुकानातल्या माणसाने आधीचा व्हिडिओ आणि गाडी ताडून पाहिली. नवा ओरखडा नव्हता. खाली वाकून पाहिल्यावर त्याला उडदाच्या काड्या अडकलेल्या दिसल्या. त्याने एक ओढून काढली आणि विचारलं, "मावशी, गाडी शेतात नेली होती का?" नाही, रस्त्यावरच होती, मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. विहिणीने किल्ली काउंटरवर ठेवली. गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, जसं आपण गाईच्या पाठीवर थोपटतो तसं.

तिचं विमान अजून आठवड्यावर होतं, त्यामुळे मोहाडीला परत जायचं होतं. आम्ही भंडाऱ्याच्या एस.टी.त बसलो. तिला खिडकी दिली. बसस्थानकाबाहेर पडेपर्यंत ती ड्रायव्हरच्या हातांकडे लक्ष देऊन पाहत होती, तो गिअर कसा टाकतो, हॉर्न किती वेळा वाजवतो. मग तिची मान हलू लागली. इतके दिवस सगळा रस्ता तिने एकटीने डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. मौदा यायच्या आत ती माझ्या खांद्यावर झोपली. कंडक्टर तिकिटं काढत आला, तिच्याकडे पाहून त्याने आवाज खाली केला आणि भुवईनेच विचारलं, कोण? मी तिच्या मांडीवरची बॅग माझ्याकडे घेतली आणि दोन तिकिटं मागितली.